एका खणाच्या दोन खोळी

माझ्या कामाविषयी लिहायचं तर आधी एक नाव लिहायला हवं. श्रीमती मालती दाबके. मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी मला ठेवून घेतलं नसतं तर मी पहिल्याच वर्षी गावी परतलो असतो आणि आज बाजार समितीत वडिलांच्या जागी पोती उचलत असतो. ते काम कमी प्रतीचं नाही. पण माझी पाठ त्या कामाची नव्हती, हे वडिलांनाही ठाऊक होतं.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला. शाळा मराठीतून झाली आणि पुण्यात आलो तर संगणकशास्त्राची सगळी पुस्तकं इंग्रजी. बाईंच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती. तिथे बसून मी पुस्तकं मोठ्याने पाठ करायचो. बाईंनी ते एकदा स्वयंपाकघरातून ऐकलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणतोयस ते मराठीत सांग."

मला सांगता येईना.

"मग ते तुला समजलेलं नाही. पोपटाला निदान पेरू तरी मिळतो."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी एक पान वाचायचं आणि बाईंना मराठीत समजावून द्यायचं, असं ठरलं. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं आणि कळल्याचं सोंग त्यांनी कधी केलं नाही, म्हणून ते काम फार अवघड होतं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक संगणक होता. मी आयुष्यात पहिल्यांदा उघडून बघितला तो तोच. "उघड," त्या म्हणाल्या होत्या, "पण परत मिटता यायला हवा. उघडणारे पुष्कळ असतात."

हा लेख लिहू का, असं मी बाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी सारख्याच आनंदाने हो म्हटलं.

माझं दुकान बुधवार पेठेत आहे. खाली वायरी, स्पीकर आणि दिव्यांच्या माळांची दुकानं, आणि मधल्या एका अरुंद जिन्याने वर आलं की मी. दुरुस्तीची सगळीच कामं करतो, पण ओळख झाली ती एका कामामुळे: बाहेरच्या ड्राइव्हवरून संगणक चालवून देणं.

हे काम काय आहे, ते बाईंना सांगितलं होतं तसंच इथे सांगतो. संगणक चालू केला की पहिले काही क्षण तो कुणाचाच नसतो. त्याला मालक माहीत नसतो, कालचं काही आठवत नसतं. तो फक्त शोधत असतो, की मला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे. बहुतेक संगणकांत ती पोटातल्याच डिस्कवर असते. पण आधी बाहेर बघ, असं त्याला एकदा सांगून ठेवलं आणि बाहेरून काडेपेटीएवढी ड्राइव्ह लावली, तर तो तिच्यावरून जागा होतो. मग पडद्यावर तुमचं चित्र, तुमच्या फायली, तुम्ही अर्धवट टाकलेला पत्त्यांचा डावसुद्धा तसाच. ती ड्राइव्ह काढून दुसऱ्या घरातल्या दुसऱ्या संगणकाला लावा, आता तो तुमचा होतो. पहिल्याला तुमची ओळखही उरत नाही.

सगळं ऐकून बाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे अंगात येतं, असं सरळ सांग की."

त्याहून चांगलं मला अजून सांगता आलेलं नाही.

माझ्याकडे अशा कामाला तऱ्हेतऱ्हेचे लोक येतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे दोन मित्र एका खोलीत राहायचे. लॅपटॉप दोघांत एक, ड्राइव्ह मात्र दोन. सकाळी लॅपटॉप एकाचा, दुपारनंतर दुसऱ्याचा. पुढे त्यांचं बिनसलं, बोलणं बंद झालं, तरी लॅपटॉप तसाच सामाईक राहिला. एकाच यंत्रात राहून ते दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत.

विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना व्हायरसची इतकी धास्ती, की संगणकाने काहीच लक्षात ठेवायला नको होतं. त्यांना मी तसा पेन ड्राइव्ह करून दिला. तो लावून काम करायचं. बंद केलं की सगळं पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी संगणक नव्याने जन्मल्यासारखा उठतो. मला वाटलं, कंटाळून परत येतील. ते आले ते पेढे घेऊन. म्हणाले, "रोज सकाळी तो मला विचारतो, आपली भाषा कोणती. आमच्या घरात इतकी चौकशी कुणी करत नाही हो." एकदा त्यांनी त्यावरच आपल्या भावाला मोठं पत्र लिहिलं आणि सवयीने संगणक बंद केला. पत्र गेलं. मी हळहळलो. ते म्हणाले, "असू दे. लिहून झालं होतं."

या कामातली एक गोष्ट मात्र मला अजून आवडत नाही. चालू संगणकाची ड्राइव्ह कुणी उपटली, तर तो लगेच बंद पडत नाही. घड्याळ पुढे सरकत राहतं. बाण हलतो. उघडी असलेली फाइल उघडीच राहते, तिच्यात थोडा वेळ टाइपही करता येतं. फक्त नवं काही मागितलं की येत नाही. कित्येकदा चूकही दाखवत नाही, नुसता थांबतो. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, सगळं ठीक आहे. मी एकदा दुकानात मुद्दाम असं करून बघितलं होतं. तो पडदा इतका शांत, इतका नेहमीसारखा दिसत होता, की मला त्याच्यासमोर बसवेना.

आता बाईंच्या ड्राइव्हकडे येतो.

बाईंची मुलगी अनघाताई मांजरीला नव्या इमारतीत राहते. निवृत्तीनंतर बाई अर्धा आठवडा सदाशिव पेठेत आणि गुरुवार ते रविवार लेकीकडे राहू लागल्या. त्यांनी एक काम हाती घेतलं होतं. मराठी स्वयंपाकघरातल्या, वापरातून जात चाललेल्या शब्दांचा कोश. प्रत्येक शब्दाखाली अर्थ, तो कुणी सांगितला, आणि तारीख. तारखेसाठी मी त्यांना एक कळ लावून दिली होती. ती दाबली की संगणकच तारीख घालायचा. दोन घरं आणि दोन संगणक यांत कोश विस्कटू नये म्हणून मी त्यांना ड्राइव्ह करून दिली. पर्समध्ये टाकायची, जिथे जाल तिथे लावायची. कोश त्यांना फक्त त्या ड्राइव्हवरच हवा होता, इंटरनेटवर कुठेही नको.

माझी एक पद्धत आहे. ड्राइव्ह देताना तिची हुबेहूब प्रत मी सोबत देतोच. तिला आम्ही जोड म्हणतो. पहिली बिघडली तर जोड कामी येते. एकीवर 'चालू' आणि दुसरीवर 'राखीव' अशी चिठ्ठी मी चिकटवतो. बाईंना त्या चिठ्ठ्या दरिद्री वाटल्या. त्यांनी त्या सोलून काढल्या आणि हिरव्या, लाल काठाच्या एका खणातून दोघींना दोन खोळी शिवल्या. मला दाखवून म्हणाल्या, "बघ, आता घरंदाज दिसतायत." दिसत होत्या. मीही हसलो.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी त्यांचा फोन आला. "गजानन, माझ्या संगणकात कुणीतरी आहे. सवडीने ये. घाई नाही. त्यालाही घाई दिसत नाही."

मी लगेच गेलो. पेठेतली दुपारची वेळ, सगळ्या इमारतीत सामसूम. बाई संगणकासमोर बसल्या होत्या, पण तो त्यांनी चालू केला नव्हता.

"काय होतं नक्की?" मी विचारलं.

"मी फडताळ लिहिलं. चांगलं अर्धं पान. पुढच्या आठवड्यात बघते तर नाही. म्हटलं, साठवायला विसरले असेन. पुन्हा लिहिलं. मग पहिलं परत आलं आणि दुसरं गेलं."

"आणखी?"

"पडद्यावर मी प्राजक्ताचं चित्र लावते, तो निळं करतो. निळ्याची सवय करून घेतली की प्राजक्त येतो." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "ते चालेल मला. पण तो लिहितो, गजानन. शब्द घालतो. मी वाचते, आणि मला ते लिहिल्याचं आठवत नाही. आणि माझ्यासारखंच लिहितो रे. विरामचिन्हंसुद्धा माझी."

हे त्या तक्रार केल्यासारखं सांगत नव्हत्या. एखाद्या हुशार विद्यार्थिनीविषयी सांगावं तसं सांगत होत्या, आणि म्हणून माझ्या अंगावर काटा आला.

मी संगणक चालू केला. व्हायरस शोधला, बाहेरून कुणी शिरतंय का ते बघितलं. काही नव्हतं. तसा संबंधही नव्हता, कारण इंटरनेट त्या या कामाला जोडतच नव्हत्या. मग मी विचारलं, "बाई, जोड कुठे आहे?"

"कपाटात. कुलपात. तिला हात लावलेला नाही."

बाई मोघम बोलत नाहीत. त्यांनी कुलपात म्हटलं म्हणजे कुलपात. उघडून दाखवा, असं म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही.

चहा करताना त्यांनी पाठमोरं राहूनच सांगितलं, "माझी आई शेवटी शेवटी मला अहोजाहो करायची. 'आपण कोण? बसा ना.' फार अगत्याने. अनघाने ते बघितलंय. म्हणून ती म्हणते, हे घर बंद करायचं, खोलीत कुणी ठेवायचं नाही, कायमचं मांजरीला यायचं. मी तिला सांगितलंय, गजाननला बघू दे. यंत्र खोटं आहे का मी खोटी, ते तो सांगेल. तो म्हणाला मी खोटी, तर किल्ली तुझ्या हातात देते."

"बाई, मी कोण हे सांगणारा?"

"तूच. इतर सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. आणि तोंडी सांगू नकोस. लिहून दे. तोंडी सांगितलेलं मी दुसऱ्या दिवशी माझ्या सोयीचं करून घेईन."

त्यांनी खोळीसकट ड्राइव्ह माझ्या हातात दिली. तो बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात तीच ड्राइव्ह तपासायला घेतली होती. खालच्या दुकानात कुणीतरी स्पीकर विकत घेत होतं; गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा लागत होती. फोन वाजला. मांजरीहून बाई होत्या. आवाजात उत्साह.

"गजानन, परत आलं रे."

"काय आलं?"

"फडताळ. पहिलं, अर्ध्या पानाचं. मी आता त्याच्याच पुढे लिहितेय."

"कशावर लिहिताय, बाई?"

"कशावर म्हणजे? संगणकावर."

"ड्राइव्ह न लावता?"

"लावलीय ना. नाहीतर चालेल कसा? तूच शिकवलंस."

"बाई, ड्राइव्ह माझ्याकडे आहे. काल तुम्हीच दिलीत."

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "नाही. ती इथे आहे. हिरवी खोळ माझ्यासमोर आहे, आणि मी लिहितेय."

माझ्यासमोर टेबलावर हिरवी खोळ होती. लाल काठ. तिच्याशेजारी उघडी ड्राइव्ह, माझ्या संगणकाला लावलेली, आणि पडद्यावर बाईंचं निळं चित्र. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी त्या क्षणी मी खुर्ची मागे सरकवली. फोनमधून कळफलकाचा आवाज येत होता. मी माझ्या पडद्यावरच्या कोशाकडे बघत राहिलो. तिथे अक्षरं उमटतील अशी मला खरोखर भीती वाटली.

उमटली नाहीत. आणि मग माझं डोकं चालू लागलं. मी स्कूटर काढली.

मांजरीला अनघाताईंच्या इमारतीभोवती अजून थोडा ऊस आहे. अकराव्या मजल्यावरून तो गादीसारखा दिसतो. बाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. अनघाताईंनी मला दबक्या आवाजात आत घेतलं.

"दादा, मला खरं सांगा. इट्स हर मेमरी, हो ना?"

"आधी ती ड्राइव्ह दाखवा."

त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला. शिवणाच्या सामानात हिरवी खोळ पडलेली होती.

"ही इथे कधीपासून आहे?"

"ही? मागच्या दिवाळीच्या आधीपासून. आईच घेऊन आली होती. म्हणाली, दोन घरं आहेत तर एक इथे असावी, एका ठिकाणी चोरी झाली तर दुसरी राहील. मला ते पटलंसुद्धा."

"आणि रोजची?"

"ती आली की पर्समधून काढून इथेच ठेवते. जाताना इथून घेते. मी कधी नीट बघितलंच नाही. मला वाटलं चष्म्याचं काहीतरी आहे."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसलो. जोड कपाटात नव्हतीच. दोन्ही ड्राइव्ह एका ड्रॉवरमध्ये, एका खणाच्या खोळीत, आणि जी हाताला लागेल ती पुण्याला जायची. महिनोन्‌महिने बाई एक आठवडा एकीवर आणि एक आठवडा दुसरीवर लिहीत होत्या. एकीवर प्राजक्त, दुसरीवर निळं. एकीला जे माहीत ते दुसरीला माहीत नाही. संगणकात शिरलेलं ते दुसरं कुणीतरी म्हणजे आधीच्या आठवड्यातल्या बाईच होत्या.

मी अनघाताईंना हे समजावून सांगितलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, पदर नव्हता म्हणून त्यांनी डोळ्यांना ओढणी लावली. "म्हणजे आईला काही नाही. आणि मी काय काय बोलले तिला. दादा, मी तिला काही सांगत नाही आता. तुमच्या हातचं लिहिलेलंच पाहिजे तिला. तुम्ही लवकर लिहा."

मी हो म्हणालो. तिथेच थांबलो असतो तर हा लेख किती सोपा झाला असता.

मांजरीची ड्राइव्ह मी बरोबर आणली आणि दोन्ही दुकानात शेजारी शेजारी लावल्या. दोन्ही कोश एकत्र करून बाईंना एकच नवी प्रत द्यायची, असं काम होतं. अशा कामाला एक साधा प्रोग्रॅम मी वापरतो. तो दोन्हीकडच्या नोंदी अकारविल्हे लावतो आणि शेवटी विचारतो, एकसारख्या नोंदी काढून टाकू का? आपण होय म्हणायचं. दोनदा लिहिलेलं फडताळ एकदाच उरतं.

होय म्हणण्याआधी मी सवयीने यादीवरून नजर फिरवली. बाईंचं मराठी वाचायला मला आवडतं. उतरंड, फडताळ, वेळणी. फडताळ दोनदा होतं, प्रत्येक ड्राइव्हवर एकदा. हे अपेक्षितच होतं. मग रोवळी आली. तांदूळ धुऊन निथळत ठेवायची बांबूची टोपली. ती तीनदा होती, आणि तिन्ही नोंदी एकाच ड्राइव्हवरच्या.

मी त्या उघडल्या. अर्थ तिन्हीकडे जवळजवळ शब्दाला शब्द तोच. प्रत्येक वेळी शब्द नव्याने सापडल्याचा तोच आनंद. खाली तीन वेगवेगळ्या तारखा, त्या कळीने घातलेल्या. आणि शब्द कुणी सांगितला, त्या जागी:

'आज यमुताईंनी सांगितला, जिन्यातून जाता जाता.'

'आज यमुताईंनी सांगितला. दारात उभ्या होत्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत.'

'आज यमुताईंनी सांगितला. आत आल्या, बसल्या.'

यमुताई त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. मी बाईंकडे राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. त्यांना मुलगा नव्हता. खांदा देणाऱ्यांत मी होतो.

भर दुपार होती. खाली गर्दी होती, हातगाडीवाला कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत होता. मी ती तिसरी नोंद पुन्हा वाचली. तीत कुठे गोंधळ नव्हता. शुद्धलेखन नेहमीसारखं काटेकोर. वाक्य नेहमीसारखं आखूड. फक्त शेवटी पूर्णविरामानंतर, बाई कधी लिहीत नाहीत असं एक वाक्य होतं: 'चहा घेतला नाही.'

दोन ड्राइव्ह होत्या म्हणून हे झालं, असं काही केल्या म्हणता येईना. मी तसं म्हणता यावं म्हणून पुष्कळ खटपट केली. नोंदी दुसरीकडून आल्या असतील का, घड्याळ चुकलं असेल का, एकाच नोंदीच्या प्रती झाल्या असतील का. तिन्ही वेगवेगळ्या वेळी, अक्षर अक्षर टाइप केलेल्या होत्या. त्यांच्यासारख्या आणखी नोंदी निघाल्या. पुष्कळ नाहीत, पण निघाल्या.

पडद्यावर प्रश्न तसाच होता. एकसारख्या नोंदी काढून टाकू का? होय की नाही?

हे वाचणाऱ्यांना मला नीट सांगायचं आहे की त्या वेळी होय म्हणणं म्हणजे लबाडी नव्हती. तेच नेहमीचं काम होतं. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मी तेच करतो. होय म्हटलं असतं तर कोश स्वच्छ झाला असता, रोवळी एकदाच उरली असती, आणि मी खरं तेवढंच लिहून दिलं असतं: दोन ड्राइव्ह होत्या, घोटाळा झाला. बाईंचं घर राहिलं असतं. अनघाताईंनी आईची माफी मागितली असती. कुणाला कधी कळलं नसतं, निदान पुढे कळेपर्यंत.

पण इतर सगळे बरं वाटावं म्हणून बोलतात, असं बाई म्हणाल्या होत्या. मला त्यांनी त्यातून वगळलं होतं. मी नाही म्हटलं आणि प्रोग्रॅम बंद केला.

अनघाताईंना मी फोन करून रोवळीचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही आईला हे लिहिणार?"

"त्यांनी विचारलंय, ताई."

"लिहा. पण कठोर नका लिहू."

पत्र मी हाताने लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं. हातात दिलं असतं, तर बाईंनी पत्राच्या आधी माझा चेहरा वाचला असता. त्याची प्रत मी ठेवली होती. ती इथे जशीच्या तशी देतो.

तीर्थस्वरूप बाईंना,

गजाननचा शिरसाष्टांग नमस्कार.

यंत्र खोटं आहे का मी खोटी, असं तुम्ही विचारलं होतं आणि उत्तर लिहून मागितलं होतं.

आधी यंत्राचं. तुमच्या ड्राइव्ह दोन होत्या. राखीव ड्राइव्ह कपाटात नाही. ती तुम्ही स्वतः मांजरीला नेऊन ठेवलीत, आणि ते शहाणपणाचं होतं. पुढे दोघी एका ड्रॉवरमध्ये राहिल्या आणि अदलाबदल होत गेली. फडताळ नाहीसं होणं, परत येणं, निळं चित्र, प्राजक्त, या सगळ्याचं कारण तेवढंच आहे. तुमच्या संगणकात दुसरं कुणी नव्हतं. दोन्हीकडे तुम्हीच होतात. म्हणून विरामचिन्हं तुमची होती.

आता दुसरं. बाई, हे लिहायला मला वेळ लागला. एकाच ड्राइव्हवर रोवळी हा शब्द तुम्ही तीनदा लिहिला आहे, तीन निरनिराळ्या दिवशी, प्रत्येक वेळी पहिल्यांदा लिहिल्यासारखा. तो यमुताईंनी त्या दिवशी येऊन सांगितला, असं तिन्ही ठिकाणी आहे. यमुताईंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. असे आणखी काही शब्द आहेत. दोन ड्राइव्हनी याचा उलगडा होत नाही. व्हावा म्हणून मी माझ्याकडून सगळं करून बघितलं.

तेव्हा यंत्र खोटं होतं असं मी म्हणतो. पण तेवढंच म्हणून थांबलो तर मी खोटा ठरेन. तुम्ही खोट्या नाही. तुम्ही काही गोष्टी विसरू लागला आहात. किती आणि कशामुळे ते मला कळत नाही, ते डॉक्टर सांगतील. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी बरोबर येईन. अनघाताईंना मी एवढंच सांगितलं आहे, कमी नाही आणि जास्त नाही. यातून घराला कुलूप लावावं असं निघतं, असं मला वाटत नाही. पण तुम्ही किल्लीचा शब्द त्यांना दिला आहे, तेव्हा ते तुम्ही दोघींनी समोरासमोर बसून ठरवा.

त्या नोंदी मी काढलेल्या नाहीत. कोश तुमचा आहे. काढायच्या असतील तर तुम्ही काढा, ठेवायच्या असतील तर तशाच राहतील. नवी ड्राइव्ह एकच करून पाठवतो. तिची जोड यापुढे माझ्या दुकानात राहील. कृपा करून तिला खोळ शिवू नका.

दर बुधवारी दुपारी मी दुकान बंद ठेवून तुमच्याकडे येत जाईन. तुम्ही शब्द सांगा, मी लिहितो. ज्ञपर्यंत पोहोचायला वेळ लागेल, पण मला घाई नाही.

हे पत्र तुम्ही जपून ठेवाल हे मला माहीत आहे. तरी एखाद्या दिवशी ते वाचल्याचं आठवलं नाही, तर मला फोन करा आणि पुन्हा विचारा, यंत्र खोटं आहे का मी. संकोच करू नका. तुम्ही पहिल्यांदाच विचारताय असं समजून मी सगळं पहिल्यापासून सांगेन.

तुमचा,
गजानन